रात्री साडेबाराची बुलेट आणि चार सायलेन्सर

गाडी घेतली तेव्हा सायलेन्सर बदलायचं वगैरे काही डोक्यात नव्हतं, उलट गाडी घेतलीच मुळात सायलेन्सरमुळे असं म्हणलं तरी चालेल. २०१८ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, म्हणजे बोलण्यातली बुलेटच, गनमेटल ग्रे, मागे पण डिस्क, कराड पासिंग, ३१ हजार किलोमीटर झालेली. मालक कराडजवळच्या गावातला पोरगा, तेवीस-चोवीसचा असेल, त्याने अंगणात गाडी काढली आणि एक किक मारली, आणि जो काय आवाज आला, गोठ्याच्या पत्र्यावर बसलेली कबुतरं खरोखर उडाली. माझ्याबरोबर चुलतभाऊ आलेला, तो कानाशी येऊन म्हणला घे रे, डोळे झाकून घे. घेतली.

पैशाचं बोलणं चालू असताना पोरगा म्हणला, "दादा, इंदोरी आहे, साडेतीन हजाराचा बसवलाय, त्याचे वेगळे नाही लावत तुम्हाला." इंदोरी म्हणजे बाजारात मिळणारा मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. मी आपलं विचारलं की ओरिजिनल कुठंय मग, तर म्हणला ते दुकानदाराला दिलं, त्याने पाचशे कमी केले. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. नंतर कळलं की त्या पाचशेच्या सौद्यात दुकानदाराने चांगलाच हात मारला असणार. बीएस-४ (धुराच्या नियमांचा आधीचा टप्पा) गाडीच्या मूळ एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, धूर साफ करणारी बारीक बारीक भोकांची वीट म्हणा, आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असल्या महागड्या धातूंचा पातळ थर असतो. मधे पुण्यात मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जायची लाट आली होती ना, पार्किंगमधली गाडी सकाळी चालू केली की ट्रॅक्टरसारखी ओरडायची, ती ह्याच्यासाठीच. बाईकमधला कन्व्हर्टर छोटा असतो पण फुकट नसतो. त्यामुळे पहिली गोष्ट, ज्यांनी अजून बदललेला नाही त्यांनी तरी ओरिजिनल दुकानात सोडून येऊ नका, पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाका, खायला मागत नाही ते.

असो. पहिले आठ-दहा दिवस मी हवेत होतो. कात्रजच्या नव्या बोगद्यात मुद्दाम गिअर कमी करून आवाज ऐकला, लाज वाटते सांगायला पण केलं. सिग्नलला उभं राहिलं की शेजारच्या अॅक्टिव्हावरचे काका एकदा गाडीकडे बघायचे आणि एकदा माझ्याकडे, मला वाटायचं कौतुकाने बघतायत.

मी राहतो धायरीला आणि कंपनी भोसरी एमआयडीसीत. जाऊन येऊन साठेक किलोमीटर होतं. एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड. सेकंड शिफ्ट साडेअकराला सुटते, नाशिक फाटा, दापोडी, शिवाजीनगर, मग सिंहगड रोड, सोसायटीत यायला बरोबर साडेबारा. पहिल्या सेकंड शिफ्टच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी बायकोने सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा मेसेज दाखवला, "रोज रात्री १२.३० ला कोणाची बुलेट येते? लहान मुलं आहेत म्हटलं." खाली सतरा अंगठे. आणि त्यात एक अंगठा बायकोचाच, म्हणली मी चुकून दाबला. चुकून!

खालच्या मजल्यावरच्या काकू मात्र ग्रुपवर न लिहिता सरळ जिन्यात भेटल्या. म्हणल्या, "अरे तू आलास की आमची नात दचकून उठते, मग तीन वाजेपर्यंत सगळं घर जागं. तुझी गाडी चौकात वळली ना की मी आधीच पाळण्याची दोरी धरून बसते." भांडल्या असत्या तर मी पण दोन शब्द बोललो असतो, पण हे असं शांतपणे सांगितल्यावर काय बोलणार. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत त्यात रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा लिहिलीय, म्हणजे हळू आवाजातलं बोलणं झालं फक्त. तिथे माझा इंदोरी.

दुसरं म्हणजे मला स्वतःलाच त्रास व्हायला लागलेला, पण तो कबूल करायला वेळ लागला. लोक जो आवाज ऐकून बुलेटचा सायलेन्सर घेतात तो उभ्या गाडीचा असतो, आयडलिंगचा, धब... धब... धब. त्या आवाजात आपण दिवसातून किती वेळ असतो? सिग्नलला, मिनिटभर. बाकी पाऊण तास गाडी पन्नास-साठच्या स्पीडला असते आणि तिथे धबधब नसते, तिथे एक सलग घूंऽऽऽ असतो, हेल्मेटच्या आत भरून राहतो, घरी जाऊन जेवायला बसलो तरी कानात चालूच. दोन आठवड्यांत रोज डोकं दुखायला लागलं. मी आधी चष्म्याचा नंबर तपासून आलो, नंबर तोच निघाला.

मग चलन. शिवाजीनगरच्या अलीकडे एका चौकात बाजूला घेतलं. मी म्हणलं, "साहेब, गाडी सेकंडहँड घेतलीय, आधीच्या मालकाने बसवलाय." ते म्हणले, "आणि चालवतोय कोण? तोच का?" यावर काही उत्तर नव्हतं. हजाराचं फाडलं, वर म्हणले हे स्वस्तात सुटलं, पुढच्या वेळी सायलेन्सर इथेच उतरवून घेऊ. घरी येऊन वाचत बसलो तर खरंच स्वस्तात होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये आवाज-धुराचे नियम मोडणारी गाडी चालवली तर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद, असं लिहिलंय, २०१९ च्या दुरुस्तीपासून. आणि गाडीत परवानगी न घेता फेरफार केला तर त्याचं वेगळं कलम. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून वरून रोड रोलर फिरवतात ते व्हिडिओ तुम्ही पण बघितले असतील, त्यातले निम्मे इंदोरी-पंजाबीच असतात.

तर मग बदलायचं ठरलं. कंपनीत एकाला विचारलं तर तो म्हणला सोपं आहे, ओरिजिनल टाक. पण मला ओरिजिनल नको होता हो. कारण बीएस-४ क्लासिकचा ओरिजिनल आवाज मी ऐकलेला, मेव्हण्याकडे होती, अगदी शिलाई मशीन नाही पण तोंडावर उशी दाबून कोणी बोलतंय असा. मला बुलेट बुलेटसारखी वाटायला हवी होती पण काकूंची नात उठायला नको होती आणि चौकात पोटात गोळा यायला नको होता. ह्या तीन गोष्टी एका नळकांड्यात बसतात का हे शोधण्यात माझे चार महिने गेले.

आधी आमच्या इथल्या मिस्त्रींकडे नेली. वय साठीच्या पुढे, जुन्या कास्ट आयर्न बुलेटपासून काम करतायत, आम्ही त्यांना मामाच म्हणतो. त्यांनी गाडी चालू केली, पाच सेकंद ऐकली, बंद केली आणि प्लग खोलला. प्लग पांढराफट. "बघ, बिस्किट कलरचा पाहिजे हा. गाडी उपाशी आहे तुझी." म्हणजे सायलेन्सर मोकळा केला, धूर भसाभसा बाहेर जायला लागला, पण कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल किती जायचं ते ठरवणारी बारीक भोकं, कोणी बदललेच नाहीत, त्यामुळे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, मिक्स्चर लीन. बेंड पाइप, म्हणजे इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचा, इंजिनाच्या हेडजवळ निळा-जांभळा पडलेला तो उष्णतेनेच, आणि मी इतके दिवस त्याला शो समजत होतो. आणि थ्रॉटल सोडल्यावर जे फटाके वाजायचे, फट् फट् फट्, ज्याच्यावर मागे बसलेले मित्र खूश व्हायचे, ते पण ह्याचंच भावंड. थ्रॉटल सोडला की सिलिंडरमध्ये नीट न जळलेलं थोडं पेट्रोल तसंच सायलेन्सरमध्ये जातं, तिथे गरम पाइपात त्याला कुठून तरी ताजी हवा मिळाली की पेट घेतं. ताजी हवा कुठून, तर मामांनी बोट लावून दाखवलं, बेंड आणि सायलेन्सरच्या जोडावर काळा काजळीचा पट्टा होता, क्लॅम्प सैल, आतलं पॅकिंग गायब. शिवाय पीएव्ही नावाचा एक प्रकार असतो कार्ब्युरेटरवाल्या गाडीत, तो एक्झॉस्टमध्ये मुद्दाम थोडी हवा सोडतो उरलंसुरलं जळून जावं म्हणून, धूर कमी व्हावा म्हणून. त्याच्या पाइपात आधीच्या कोणी तरी बोल्ट ठोकून ठेवला होता, फटाके कमी व्हावेत म्हणून असणार. म्हणजे फटाके पाहिजे म्हणून सायलेन्सर आणि फटाके नको म्हणून बोल्ट, एकाच गाडीवर!

इंदोरी काढून मामांनी टॉर्च मारून आतलं दाखवलं. ह्या टोकातून बघितलं तर त्या टोकाला चक्क रस्ता दिसत होता. आत जाळीचा सरळ पाइप, भोवती कधीकाळी ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस, होती, आता राखाडी कापसाचे दोन-चार पुंजके. ओरिजिनलमध्ये तसं नसतं, आत कप्पे असतात, धुराला वळणं घ्यावी लागतात, आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटून मरतात. नवीन असताना ग्लासवूल आवाज खाते, म्हणून दुकानात गोड वाटतो. ती जळून-उडून गेली की काही महिन्यांत निव्वळ डबडं राहतं. साडेतीन हजार गेले त्या पोराचे डबड्यात, आणि पाचशेला ओरिजिनल.

मी मामांना विचारलं की मग सायलेन्सरमध्ये बॅक प्रेशर, म्हणजे धुराला थोडा अडथळा, पाहिजे असतं म्हणतात ते खरं का. मामा म्हणले मला ते प्रेशर-बिशर माहीत नाही, घाटात चढते का बघ. नंतर मी जेवढं वाचलं त्यावरून मला समजलेलं असं, की अडथळा स्वतः काही चांगला नसतो, पण पाइप नको तेवढा मोकळा असला की कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असताना, धुराचा वेग पडतो, आणि जाणारा धूर मागून येणाऱ्याला जो ओढतो ती ओढ कमी होते. आता क्लासिकचं इंजिन बघा, ३४६ सीसी, बोअर (सिलिंडरची रुंदी) ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ९०, उंच आणि अरुंद. कंपनीच्या आकड्यात पॉवर १९.८ बीएचपी ५२५० आरपीएमला आणि टॉर्क २८ न्यूटन मीटर ४००० ला. ही गाडी वर ताणायची नाहीच, खालच्या जोरावर चालायची आहे. रेसिंगच्या सायलेन्सरने वरचे दोन-तीन घोडे मिळाले जरी समजा, मी तिथे जातोच कधी? आणि खालचा जोर जातो तो रोज लागतो, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये, मिनिटामिनिटाला.

मग एका रविवारी नाना पेठ. पुण्यात टू-व्हीलरचं काहीही पाहिजे तर शेवटी नाना पेठेतच जावं लागतं. जाताना फ्रिजवरचं अष्टविनायकाचं मॅग्नेट खिशात टाकलं, ह्यावरून घरात वेगळं बोलणं झालं. मॅग्नेट कशाला तर दुकानदार सगळ्यालाच "एसएस आहे भाऊ, ३०४" म्हणतात. ३०४ स्टेनलेसला लोहचुंबक जवळजवळ चिकटत नाही. मी गणपती लावले आणि पाच ३०४ पैकी चार सायलेन्सरला बाप्पा घट्ट बसले. माइल्ड स्टीलवर क्रोम, एका पावसाळ्यात शिवणीवरून गंजायला सुरुवात. चिकटलं म्हणजे वाईटच असं मात्र नाही, कंपनीच्या ओरिजिनलला पण चिकटतं, चिकटणारं स्टेनलेस पण असतं. पण ३०४ चे पैसे मागत असेल आणि चिकटलं तर निदान आपण तोंड वर करून बघायचं त्याच्याकडे.

दुकानात नावं म्हणजे मिठाईच्या दुकानासारखी, पंजाबी, इंदोरी, डॉल्फिन, मेगाफोन, गोल्डस्टार. आणि वर अक्रापोविचची रांग, अठराशेपासून. अक्रापोविच ही स्लोव्हेनियातली कंपनी, तिचे खरे सायलेन्सर रेसच्या गाड्यांना लागतात, ते अठराशेला नाना पेठेत टांगलेले नसतात एवढी तरी अक्कल मला होती. एकाच्या स्टिकरवर तर स्पेलिंगमधला के गायब होता. दुकानातला पोरगा फार गोड, म्हणला, "भाऊ, ह्याला डीबी किलर आहे. पोलीस दिसला की लावायचा, नसला की काढायचा, एक एलन बोल्ट आहे फक्त." मी कल्पना केली, दापोडीच्या पुलावर रात्री बारा वाजता मी एलन की घेऊन गाडीच्या मागे उकिडवा बसलोय. हा डीबी किलर म्हणजे टोकात घालायची एक छोटी नळी, त्यालाच आपल्याकडे मेकॅनिक लोक पुंगळी पण म्हणतात. पुंगळी असली की आवाज उतरतो पण धुराची वाट पण अरुंद होते, म्हणजे मोकळा सायलेन्सर घ्यायचा आणि परत बूच मारायचं. ऐकवा म्हणलं की प्रत्येक जण आयडलिंगलाच ऐकवतो, वर एक-दोनदा रेस करतो, झालं. मी म्हणलं तीन हजार आरपीएमवर एक मिनिट धरा की, तर पोरगा माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी दुकान बंद करायला आलोय.

त्या दिवशी काही घेतलं नाही. घेण्याआधी महिनाभर वापरून बघायला मिळावं असं वाटत होतं आणि सुदैवाने तशी सोय झाली. कंपनीतल्या एका मित्राकडे गोल्डस्टार शेपचा एक चांगला सायलेन्सर पडून होता, बाप्पा न चिकटणारा, पुंगळीसकट, त्याने गाडीच विकली होती आणि सायलेन्सर ठेवून घेतला होता, लोक असं पण करतात. तो दोन आठवडे लावला. मामांनी मेन जेट एक नंबर वाढवला, प्लग बिस्किटावर आला, पीएव्हीचा बोल्ट काढून पाइप परत जोडला, पॅकिंग नवीन. आवाज खरं सांगतो सुंदर होता, इंदोरीसारखा फुटका नाही, जाड, गोल. मी जवळपास ठरवलंच होतं.

मग गावी निघालो वाईला, बायको मागे, दोन बॅगा. खंबाटकी घाट. तेव्हा जाताना घाट चढावा लागायचा, येताना बोगदा, त्यामुळे सायलेन्सरची परीक्षा व्हायची ती पुण्याहून साताऱ्याकडे जाताना. ट्रकच्या मागे अडकलो, ओव्हरटेकला जागा मिळाली, चौथ्यात पिळला तर गाडी नुसती बोलली, हलली नाही. तिसरा टाकावा लागला. पुढच्या वळणावर परत तेच. हेच मेव्हण्याच्या ओरिजिनल गाडीवर, हाच घाट, मी चौथ्यात चढलेलो. सुरूर फाट्याला चहाला थांबलो तेव्हा बायको म्हणली, "आवाज चांगलाय, पण पोटात हलतंय सगळं." ती कधी गाडीबद्दल बोलत नाही, त्यामुळे हे मी लिहूनच ठेवलं. येताना सत्तरच्या स्पीडला मी पण नीट लक्ष दिलं तर तोच घूंऽऽऽ, इंदोरीपेक्षा सभ्य पण आहे, फूटपेगमधून पण जाणवतो.

याच दरम्यान मोबाइलवर डेसिबल मोजायचं अॅप टाकलेलं. त्याबद्दल एक सांगतो कारण ह्यात बरेच लोक फसतात. १७५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलला कंपनीतून बाहेर पडताना ८० डेसिबलची मर्यादा आहे, हे सगळ्यांना पाठ असतं. मग लोक सायलेन्सरच्या तोंडाशी मोबाइल धरतात, ९२ दाखवतं, आणि म्हणतात बघा ओरिजिनल पण नियमात बसत नाही, मग आमच्यावरच का. पण ती ८० ची मोजणी गाडी जवळून जाताना साडेसात मीटरवरून करतात. अर्ध्या मीटरवरून साडेसातवर गेलं की उघड्यावर साधारण तेवीस डेसिबलचा फरक पडतो. शिवाय डेसिबलची पट्टी साधी नसते, दहा वाढले म्हणजे आवाजाची ताकद दहापट, कानाला साधारण दुप्पट वाटतं. मोबाइलचा माइक काय पोलिसांचं मशीन नाही, पण एकाच मोबाइलने, एकाच जागेवरून, एकाच आरपीएमला दोन सायलेन्सर मोजले तर दोघांतला फरक कळतो, आणि मला तेवढाच पाहिजे होता. मी सोसायटीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर दुपारी मोजलं, इंदोरी आणि ओरिजिनलमध्ये चौदाचा फरक, गोल्डस्टार पुंगळीसकट मधोमध.

ओरिजिनल कुठून आला तर तो मिळणं सगळ्यात सोपं निघालं. नवीन बुलेट घेतली की पोरं पहिल्या महिन्यात सायलेन्सर काढतात, त्यामुळे काढलेले, पाचशे-हजार किलोमीटर चाललेले ओरिजिनल ऑनलाइन ढिगाने विकायला असतात. फक्त मॉडेलचं वर्ष विचारून घ्या, बीएस-३, बीएस-४ आणि २०२० नंतरच्या इंजेक्शनवाल्या गाडीचं एकमेकांना लावू नका. वडगावच्या एका पोराकडून दोन हजाराला घेतला. पोरगा मला बघून म्हणला, "काका, तुमचा इंदोरी काढणार असाल तर मला द्या ना." काका! आणि त्याच्या मागे दारात त्याची आई उभी, तिने दोन्ही हात जोडले माझ्याकडे बघून. मी दिला नाही.

तो लावला, जेट परत जुना, आणि लगेच पुढच्या आठवड्यात परत खंबाटकी. चौथ्यात चढली. गपचूप. अॅव्हरेज इंदोरीवर २९ च्या आसपास पडत होतं, टाकी टू टाकी, ते ३६ झालं. डोकं दुखायचं थांबलं. सगळं छान, आणि मी महिनाभर तोंड पाडून गाडी चालवली, कारण मजा गेली होती. बायको म्हणली आता तर कोणी काही बोलत नाही ना, मग काय प्रॉब्लेम आहे. प्रॉब्लेम सांगता येत नव्हता.

शेवटी सुटलं ते अशा ठिकाणी जिथे मी बघितलंच नव्हतं. सर्व्हिसला गेलो होतो तिथे शोकेसमध्ये धूळ खात एक काळा टेपर सायलेन्सर पडलेला. रॉयल एनफिल्डने २०१९ मध्ये ह्या ३५०-५०० गाड्यांसाठी स्वतःचेच वेगवेगळ्या शेपचे सायलेन्सर अॅक्सेसरी म्हणून काढले होते, आवाजाच्या-धुराच्या नियमात बसणारे. मला पत्ताच नव्हता, कारण हे कोणी रीलमध्ये दाखवत नाही, त्यात दाखवण्यासारखं काही नाही. तो पीस माझ्या मॉडेलचा नव्हता पण नाव कळलं, मग शोधून एक साताऱ्याच्या माणसाकडून सेकंडहँड मिळाला, अठ्ठावीसशेला, बिलासकट. बिल महत्त्वाचं, कारण मॉडिफिकेशनवरून इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी नाक मुरडू शकतात आणि चौकात पण कागद दाखवता येतो.

बसवताना मामांकडे अर्धा दिवस गेला. हेडला बेंड पाइप बसतो तिथले नट गंजून धरलेले, एक निघाला, दुसरा स्टडसकट फिरायला लागला. मामांनी आदल्या रात्री तेल सोडून ठेवलं होतं म्हणून वाचलं, नाहीतर हेडचे आटे गेले असते आणि अठ्ठावीसशेच्या सायलेन्सरला भलतंच काम निघालं असतं. घरी स्वतः पाना घालणाऱ्यांनी इथे जोर करू नका, इंजिन थोडं कोमट असताना, तेल पाजून, थोडं पुढे थोडं मागे असं करत काढा. जुनं पॅकिंग परत घालू नका, शंभर-दीडशेची वस्तू. आणि क्लॅम्प आवळायच्या आधी डबल स्टँड खाली-वर करून बघा, ब्रेक पेडल पूर्ण दाबून बघा, मागचं चाक काढायला एक्सलला जागा राहते का बघा, पंक्चर काढताना ते आठवून काही उपयोग नसतो.

आवाज? ओरिजिनलपेक्षा जरासा जाड. मोबाइलवर फक्त तीनचा फरक आला. रस्त्यावरच्या माणसाला कळणार पण नाही, पण मला सीटवर बसून कळतो, दुसऱ्यात चाळीसच्या खाली असताना एक एक ठोका वेगळा ऐकू येतो, आणि साठला गेलो की मागे पडतो. माझं तेवढ्याने भागतं. खंबाटकी चौथ्यात, अॅव्हरेज ३५. इंदोरी माळ्यावर आहे, विकवत नाही, त्या वडगावच्या आईचे हात आठवतात.

त्यानंतरची पहिली सेकंड शिफ्ट. साडेबाराला सोसायटीच्या गेटसमोर आलो तर गेट बंद. कधीच नसायचं. दोन मिनिटं उभा राहिलो, मग आत डोकावलो तर वॉचमन काका खुर्चीत मान टाकून गाढ झोपलेले. हळूच हाक मारली, मग जरा मोठ्याने, मग नाइलाजाने हॉर्न दिला. ते दचकून उठले, किल्ली शोधत आले आणि माझ्यावरच चिडले, "अहो साहेब, गाडीचं काय झालं? रोज चौकातून आवाज आला की मी उठून गेट उघडायचो, आता मला कळणार कसं?"

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज, रात्री साडेबाराला हॉर्न कोण वाजवतं. आता येताना दांडेकर पुलावर थांबून वॉचमन काकांना मिस कॉल देतो.